किरायाचे घर

अकोल्यात घर किरायाने मिळते, वसईत ते भाड्याने मिळते. शब्दकोशात या दोन शब्दांत फारसे अंतर नाही. पण आम्हाला ते ओलांडायला अकोला ते मुंबई असा सुमारे 580 किलोमीटरचा रेल्वेप्रवास आणि त्यापुढची जवळजवळ दोन वर्षे लागली. 2017 सालच्या जूनमध्ये आम्ही दोघे आणि आई असे तिघे अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे दादरला उतरलो आणि विरार लोकलने वसईला आलो. आमच्यापैकी एक अकोल्याचा, एक अमरावतीची. दोघांचाही पेशा मराठी शिकवण्याचा. नोकऱ्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरच्या या शहरात मिळाल्या, म्हणून येणे भाग होते. आईचे तसे नव्हते. वडील त्याच वर्षीच्या जानेवारीत गेले होते आणि जठारपेठेतले घर आम्ही एका कुटुंबाला किरायाने देऊन टाकले होते. जिने चाळीस वर्षे स्वतःच्या घराचे अंगण झाडले, ती वयाच्या सत्तरीत दुसऱ्याच्या घरात राहायला निघाली होती आणि तिच्या घरात दुसरे कोणी.

घर शोधताना दलालाने पहिल्यांदा नोकरी विचारली, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकून तो क्षणभर थांबला. वऱ्हाडातली आडनावे किनाऱ्यावर चटकन ओळखू येत नाहीत, त्यामुळे आम्हाला नेमके कोणत्या कप्प्यात ठेवावे, हे त्याला कळेना. ‘म्हणजे नागपूर साइड ना?’ असे म्हणून त्याने तो प्रश्न स्वतःपुरता सोडवला. अकोल्यापासून नागपूर अडीचशे किलोमीटर आहे, हे आम्ही त्याला सांगितले नाही. पुढे करार झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याप्रमाणे असा करार लेखी करून तो नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांच्या त्या कागदात ‘भाडेकरू’ हा शब्द आमच्यासाठी कुठेही नव्हता. मालक ‘लायसेन्सर’ आणि आम्ही ‘लायसेन्सी’. आम्हाला घर मिळाले नव्हते, घरात असण्याची मुदतबंद परवानगी मिळाली होती. भाषेच्या माणसांनी कायद्याची भाषा मनाला लावून घेऊ नये, हे आम्हाला ठाऊक होते. तरी ती लागली.

अकोल्याहून आम्ही कूलर आणला होता. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तिथे कूलर ही चैनीची वस्तू नसते. ती घरातल्या माणसांपैकीच एक असते. गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, बाहेरची कोरडी झळ त्यातून आत ओढली जाते, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते आणि खोली गार होते. सगळी करामत हवा कोरडी असण्याची. वसईत आम्ही तो खिडकीला लावला, टाकी भरली आणि बटण दाबले. हवा आधीच पाण्याने इतकी भरलेली की ताटीवरचे पाणी उडून जायला तिच्यात जागाच नव्हती. तासाभरात भिंती दमटल्या, उशा ओलसर झाल्या आणि घाम तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी कूलर सज्जात गेला. आई त्याच्यावर कपडे वाळत घालू लागली. तेही वाळत नसत.

एका गोष्टीने मात्र आईला पहिल्याच दिवशी दिलासा दिला. कूपनलिकेच्या पाण्याची चूळ भरून ती म्हणाली, ‘खारं हाय. आपल्याच गावासारखं.’ तिचे माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यात जमीन काळी, कसदार आणि विहिरीचे पाणी खारे. समुद्र कधीही न पाहिलेली माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याशी झगडत आली आहेत. तालुक्याच्या नावातच दर्या आहे. पण खरा दर्या त्या मुलखात पोहोचे तो आठवडी बाजारातल्या पोत्यांवर, सुक्या बोंबलांच्या आणि झिंग्यांच्या रूपाने. आईने समुद्र आधी वाळलेला पाहिला आणि मग ओला.

पंधराएक दिवसांनी मालक चौकशीला आले. माणूस सज्जन. त्यांनी आईला विचारले, ‘काय आजी, आवडलं का घर?’ आई म्हणाली, ‘घर साजरं हाय बाप्पा, पन काहून एवढं ओलं ओलं वाटते? मले त रातभर झोप नाई.’ मालक मनापासून हसले. ‘किती गोड बोलतात! अगदी मालिकेतल्यासारखं!’ आणि आम्ही, दोघांनी जवळजवळ एकाच वेळी, घाईघाईने खुलासा केला : ‘आईला म्हणायचंय, इथली हवा जरा दमट आहे, त्यामुळे तिला झोप लागत नाही.’ मालकांना आईचे बोलणे कळले नव्हते, असे मुळीच नाही. ते मराठीच होते. तरी आम्ही आईचे मराठीतून मराठीत भाषांतर केले. आईने एकदा आमच्याकडे पाहिले आणि ती चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर परक्या माणसांसमोर ती बोलेनाशी झाली. बेल वाजली की आतल्या खोलीत जाई. शेजारच्या बाईंनी काही विचारले, तर मान हलवून हसे. आम्ही आपली समजूत घालत राहिलो : वय झाले, वडील गेले, जागा नवी आहे. यातले काहीच खोटे नव्हते. पण खरे कारण आम्हाला माहीत होते. आम्ही स्वतः आपापली वऱ्हाडी मुलाखतींच्या आधीच धुऊन टाकली होती. ‘मले-तुले’ गेले, ‘काहून’ गेले, ‘डोया’चा ‘डोळा’ झाला आणि ‘शाया’ची ‘शाळा’. घरात मात्र एक माणूस असे उरले होते, जे तोंड उघडताच आमचे मूळ गाव सांगून टाकी.

याच काळात आमच्यापैकी एकाला पदवीच्या वर्गात महानुभाव गद्य शिकवायचे होते. ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाले. मराठी गद्याचा आरंभ सांगताना प्रत्येक शिक्षक ते गाव फळ्यावर लिहितो. आम्हीही लिहिले आणि लिहिताना जरा अभिमान वाटला. मग ‘स्मृतिस्थळा’तला तो प्रसिद्ध प्रसंग आला. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागतात आणि नागदेवाचार्य त्यांना थांबवतात. कारण संस्कृतामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. तेराव्या शतकातली ही भूमिका किती लोकशाहीवादी, किती क्रांतिकारक, असे आम्ही वर्गात रंगून सांगितले. त्याच तासाला मोठ्याने वाचणाऱ्या एका मुलाने ‘ळ’च्या जागी ‘ल’ उच्चारला, तेव्हा त्याला थांबवून उच्चार दुरुस्तही करायला लावला. मुलगा इथल्याच कोळीवाड्यातला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई अंधारात बसली होती. दिवा का लावला नाही, असे विचारल्यावर म्हणाली, ‘राहू दे. काय पाह्यचं हाय?’ नागदेवाचार्यांना जिची काळजी होती, ती म्हातारी आमच्याच घरात होती आणि तिला वंचित करायला संस्कृताची गरजही पडली नव्हती. आमची प्रमाण मराठी पुरेशी होती.

यानंतर आम्ही लगेच सुधारलो, असे लिहिणे सोयीचे झाले असते. सुरुवात आमच्याकडून झालीच नाही. पावसाळा सरून मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर इमारतीच्या फाटकाशी एक कोळीण टोपली घेऊन बसू लागली. एका रविवारी सज्जातून पाहतो तो आई तिच्यासमोर उकिडवी बसलेली. ओला मासा आईने आयुष्यात घेतला नव्हता. ताजा कसा ओळखायचा, हे ती विचारत असावी. कोळिणीने मासा उचलून कल्ले उघडून दाखवले आणि म्हणाली, ‘डोला बघ, डोला!’ आई वाकली, निरखून पाहिले आणि म्हणाली, ‘डोया त साजरा हाय.’ ‘डोया?’ कोळीण हसली. ‘डोला?’ आईही हसली. आम्ही तिला इतके मोठ्याने हसताना वडील गेल्यापासून ऐकले नव्हते. दोघींना एकमेकींचे कळायला मधे आमची गरज नव्हती. आम्ही ज्या ‘ळ’साठी मुलांना थांबवतो, तो त्या दोघींपैकी एकीकडेही नव्हता. वऱ्हाडात त्याचा ‘य’ झाला होता, किनाऱ्यावर ‘ल’, आणि डोळा दोघींनाही स्वच्छ दिसत होता.

प्रमाणभाषा शिकवणे आम्ही सोडलेले नाही. परीक्षेत, अर्जात, न्यायालयात ती लागते आणि ती न शिकवणे हाही मुलांवर अन्यायच. पण वाचणाऱ्याला मधेच थांबवणे सोडले आहे, आणि घरात भाषांतर करणेही.

2019 मध्ये करार तिसऱ्यांदा करायची वेळ आली. नोंदणी करणारा मुलगा लॅपटॉप आणि ठसा घेण्याचे यंत्र घेऊन घरीच आला. साक्षीदार म्हणून आईचे नाव दिले होते. तिचा अंगठा यंत्रावर चारदा ठेवला, पण ठसा उमटेना. मुलगा म्हणाला, ‘आजी, नीट दाबा.’ आई म्हणाली, ‘दाबूनच ठेवला बाप्पा. लगनाच्या आंधी कापूस येचला, मंग जनमभर भांडे घासले. घासून गेलं असन बोट.’ मुलगा तिच्याकडे पाहू लागला. आम्ही दोघेही तिथेच बसलो होतो. एकमेकांकडे पाहिले आणि गप्प राहिलो. मुलाने खिशातून रुमाल काढला, आईचा अंगठा पुसला आणि पाचव्यांदा यंत्रावर ठेवला.