पाणबुडीवाल्याची नदीतली लढाई

हदगावच्या स्टँडवर ओळखीच्या काकांनी हटकलंच, "कुठं निघालास रे बाबा?" विशाखापट्टणमला, पाणबुडी बघायला, म्हटल्यावर म्हणाले, "पाणीच बघायचं तर आपली पैनगंगा काय वाईट हाय?" एसटीनं नांदेड गाठलं, तिथून विशाखापट्टणमची थेट गाडी. तेलंगण झोपेतच गेला.

तिथल्या रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ही पाणबुडी उभी आहे, काळी, ९१ मीटर लांब. मला खरं तर तिची बहीण 'करंज' बघायची होती, पण ती २००३ मध्येच निवृत्त झाली. दोघीही १९६९ मध्ये सोव्हिएत संघातल्या रीगा इथे नौदलात दाखल झालेल्या. ओढ 'करंज'चीच, कारण तिचे पहिले कप्तान होते कमांडर मोहन नारायण राव सामंत.

आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला लोखंडी गोल भोक. आधी एक पाय घालायचा, मग मान मोडून डोकं. माझ्या पुढचे गृहस्थ पोटाशी अडकले, मागे रांग खोळंबली. टॉर्पेडोंच्या अगदी शेजारी खलाशांची झोपायची जागा. कूस बदलायचीही पंचाईत.

असल्या बोटीत मुरलेल्या सामंतांनी महावीरचक्र मिळवलं ते मात्र नदीत. १९७१ च्या बांगलादेश युद्धात मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौकमांडोंच्या गुप्त मोहिमेची धुरा त्यांच्याकडे होती. कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर बोफोर्स तोफा चढवून 'पद्मा' आणि 'पलाश' आधीच सजवल्या होत्या; डिसेंबरात जोडीला नौदलाची 'पनवेल' आली. मोंगला बंदर मागे टाकून हा ताफा खुलन्याजवळ पोचला आणि १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रू समजून 'पद्मा' व 'पलाश' बुडवल्या. 'पलाश'च्या इंजिनवर असलेले रुहुल अमीन त्यात गेले. 'वीरश्रेष्ठ' हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेल्या सात जणांपैकी ते एक.

शत्रूचा मारा सोसायला सैनिकाच्या मनाची तयारी असते. आपल्याच माणसांनी घात केल्यावर डोकं ठिकाणावर ठेवायचं, हे मला जास्त अवघड वाटतं. सामंतांनी पाण्यातली माणसं 'पनवेल'वर ओढून घेतली आणि तिथूनच मागे न फिरता खुलन्यावर हल्ला चढवला.

मोहीम गुप्त, त्यामुळे बोलबाला नाही. सामंत मार्च २०१९ मध्ये गेले. संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक त्याच वर्षी बाजारात आलं.