शिवगंगेकाठचे चर्च

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्री निघालेली उळवन एक्स्प्रेस पहाटे कावेरीच्या खोऱ्यात शिरते. उजाडू लागले की दोन्ही बाजूंना भातच भात. मध्येच एखादा कालवा, केळीची बाग, बांधावर एका पायावर उभा असलेला बगळा. समोरच्या बाईंनी पितळी पेल्यात फिल्टर कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. भाषा एकमेकींना येत नव्हती, तरी तंजावर येईपर्यंत आमच्या गप्पा चालल्याच.

मी नगरची. नारायण वामन टिळकांची भजने पेटीवर म्हणत आमचे घर वाढले. आई गेली आणि प्रार्थना नुसती ओठांवर उरली. रविवार चुकवला नाही, बायबलचे वाचन सोडले नाही, पण डोळे मिटले की आत सगळे कोरडे. देव नाही असे कधी वाटले नाही. तो आहे आणि मला मात्र त्याच्याजवळ टेकता येत नाही, असे वाटे, आणि हे जास्त छळणारे असते. ही अवस्था नवी नाही, हे मला ठाऊक होते. उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मकथनाच्या आरंभीच मनाच्या या तळमळीचे मूळ देवाच्या ओढीत शोधले होते. आमच्या टिळकांना तर नवा करार मिळाला तोच आगगाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती तो ठेवला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाची वाट कुठून सुरू झाली असे कुणी विचारले की आम्ही सहसा टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी अशी नावे सांगतो. त्यांच्याही कितीतरी आधीचा एक धागा तंजावरला आहे, असे वाचले होते. तो पाहायला मी निघाले होते.

तंजावरला गेलेला मराठी माणूस आधी मोठ्या देवळात जातो. मीही गेले. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले ते शिखर पाहताना मान अवघडते. भिंतीवर १८०३ साली मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे. बोट न लावता एकेक अक्षर लावत वाचला. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत इथे मराठी राज्य होते, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि तमिळ मुलुखात अनवाणी उभे राहून आपली अक्षरे ओळखणे निराळे. पण माझे पाय शिवगंगा तलावाकडे ओढ घेत होते.

देवळापासून चालत काही मिनिटांवर, शिवगंगेच्या बागेला लागून, एक बेताचे पांढरे चर्च आहे. श्वार्ट्झ चर्च. दाराला कुलूप होते. शेजारी चौकशी केली तेव्हा एक वयस्कर गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. मी नगरहून आले, ख्रिस्ती आहे, हे खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीने सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "श्वार्ट्स अय्यर," असे म्हणत त्यांनी दार उघडले. चर्चला ज्यांचे नाव आहे त्या जर्मन पाद्र्याला इथले जुने ख्रिस्ती लोक आजही अय्यर म्हणतात.

पर्यटकांच्या पुस्तिकांत हे चर्च तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १७७९ साली बांधले असे लिहिलेले असते. सरफोजी जन्मले १७७७ साली, म्हणजे तेव्हा ते दोन वर्षांचे होते. चर्च उभे राहिले ते तुळजाजीराजांच्या काळात. सरफोजींचे प्रेम आत आहे, संगमरवरात.

लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनी हे उठावशिल्प करवून घेतले. पलंगावर म्हातारा ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ आडवा आहे. मागे एक सहकारी मिशनरी, जवळ शाळेतली मुले, आणि पलंगाशी तरुण सरफोजीराजे उभे. त्यांनी पाद्रीबाबांचा हात आपल्या हातात घेतला आहे. मी बराच वेळ त्या दोन हातांकडेच पाहत होते. मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती नाही, घाई नाही. आईचा हात असाच माझ्या हातात होता, आणि तिच्याही चेहऱ्यावर हेच होते. मी तेव्हा ते पाहिलेच नव्हते. माझे लक्ष औषधांकडे होते.

या हातांची हकिगत लांबची आहे. श्वार्ट्झ १७५० साली तरंगमबाडीला उतरले, तेव्हा ते डॅनिश ठाणे होते. लग्न केले नाही. त्रिचनापल्लीत पलंग मावेल एवढ्या खोलीत राहत, भात आणि भाजी खात. तुळजाजीराजांशी पहिली भेट १७६९ साली झाली. बोलणे दुभाष्यामार्फत फारसीत सुरू झाले आणि पाहुण्याला तमिळ येते हे कळताच तमिळवर आले. पुढे हैदरअलीच्या स्वारीत हा सगळा भातपट्टा उजाड झाला, तेव्हा त्यांनी तांदूळ आणवून भुकेल्यांना वाटला. गाव सोडून गेलेले शेतकरी सरकारी अंमलदारांच्या शब्दावर परत यायला तयार नव्हते. श्वार्ट्झनी शब्द दिला आणि ते हजारोंनी परतून नांगराला लागले.

१७८७ साली मरणपंथाला लागलेल्या तुळजाजींनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीला श्वार्ट्झच्या ओटीत घातले. दरबारातल्या भाऊबंदकीत मुलाच्या जिवाला धोका होईल म्हणून त्यांनी आधी नकार दिला. गादीवर बसलेल्या अमरसिंगांनी मुलाला कोंडून ठेवल्यावर मात्र ते मध्ये पडले. १७९३ साली सरफोजी मद्रासला सुखरूप पोचले, तिथे शिकले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले, पण ते पाहायला पाद्रीबाबा नव्हते. सरफोजी त्यांच्या शवपेटीशी येऊन रडले होते, आणि थडग्याच्या दगडासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. काही मिशनऱ्यांना हे अपयश वाटले असेल. मला वाटत नाही. ज्या माणसाने आपला भार देवावर टाकला आहे, त्याला समोरच्याला ओढून आणण्याची घाई राहत नाही. तो हात धरतो, आणि पुढचे देवाकडे सोपवतो.

मी ज्या धाग्यासाठी आले होते, तो याच्याही आधी सापडतो. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा. मूळ नाव कोकिळा होते असे सांगतात. लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला सती जाण्यापासून वाचवले, अशी तिची कथा परंपरेने चालत आली आहे. ती त्याच्याकडे राहिली, त्याच्याकडून येशूविषयी ऐकले, आणि तिने श्वार्ट्झकडे बाप्तिस्मा मागितला. लग्नाशिवाय एकत्र राहतात म्हणून त्यांनी तो नाकारला. हे वाचताना मला आजही त्यांचा राग येतो. सासर तुटलेले, जात तुटलेली, आणि ज्या दाराशी आली तेही बंद. पण ती दारापासून हलली नाही. अधिकारी वारल्यावर तिने पुन्हा विचारले, आणि १७७८ साली पाळयंकोट्टैला श्वार्ट्झच्या हातूनच तिचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले क्लारिंडा. टिळकांच्या बाप्तिस्म्याआधी ११७ वर्षे! तिने तिथे चर्च बांधले, १७८५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. आसपासचे लोक त्याला पाप्पात्ति अम्माळ कोविल, म्हणजे बामणीणबाईंचे देऊळ, म्हणत आले आहेत. तिच्या नावाची विहीरही तिथे दाखवतात. ए. माधवय्या यांनी १९१५ साली तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. मराठीत तिची आठवण फार थोड्यांनी ठेवली, याचे वाईट वाटते.

देवाच्या ठायी विसावा मिळाला म्हणजे माणूस गप्प बसतो, असे मी समजत होते. क्लारिंडा बसली नाही, श्वार्ट्झ बसले नाहीत. वाटेत पालखी टेकते ती पुढच्या टप्प्यासाठी, तसेच काहीसे हे असावे.

रविवारी सकाळी तमिळ उपासनेला गेले. बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, केसांत मोगरा. उशीर झाला होता, म्हणून मागेच उभी राहिले. शेजारच्या आजींनी सरकून जागा केली. "उक्कारुंग अम्मा." बसा. मग गाणे सुरू झाले, कर्नाटकी चालीचे. श्वार्ट्झचे शिष्य आणि सरफोजींचे सहाध्यायी वेदनायगम शास्त्री यांनी दोनशे वर्षांपूर्वी रचलेली गीते तमिळ चर्चमधून अजून गायली जातात. आपल्याकडे टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणले, त्याच्या कितीतरी आधी इथे हे घडून गेले होते.

मला एक शब्द कळत नव्हता. त्यामुळे प्रार्थना नीट करण्याचा माझा खटाटोप आपोआप थांबला. मला जमत नव्हते ते ही सगळी माणसे करत होती, मला सोबत घेऊन. आजींनी प्रभूची प्रार्थना तमिळमधून सुरू केली, तशी मी मराठीतून म्हणू लागले. मध्येच रडू आले. ते मी आवरले नाही. कोरडेपणा एका सकाळीत संपला असे मी म्हणणार नाही. नगरला परतल्यावरही काही दिवस तो येतोच. पण तो आला म्हणून देव दूर गेला, असे आता मी मानत नाही.

तंजावरला गेलात तर मोठ्या देवळातला शिलालेख जरूर वाचा, सरस्वती महाल ग्रंथालयात जा. मात्र शिवगंगेकाठच्या चर्चला कुलूप दिसले म्हणून परत फिरू नका. शेजारी विचारा. किल्ली असते, आणि दार उघडून देतात.