दिवे घाटातले अडीचशे मीटर

हडपसर सोडून सासवडच्या रस्त्याला लागले की फुरसुंगी आणि वडकी मागे पडतात व समोर दिवे घाट उभा राहतो. वळणे चढत जाताना खाली मस्तानी तलावाचे पाणी दिसते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हाच घाट चढून सासवडच्या मुक्कामाला जाते. वर्षाचे उरलेले दिवस या चढणीवर एक निराळीच वारी चालू असते. मालट्रक, टेंपो आणि शाळांच्या बसगाड्या घाटमाथ्याकडे जातात, ते पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या चाचणी पट्ट्यासाठी. कायद्याच्या भाषेत या कामाला योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण म्हणतात. मार्केट यार्डापासून भवानी पेठेपर्यंत सगळे त्याला एकाच शब्दाने ओळखतात : पासिंग.

हा पट्टा सहजासहजी मिळालेला नाही. ब्रेक तपासायचे तर गाडीला आधी वेग घेऊ दिला पाहिजे, आणि वेग घ्यायला जागा हवी. पूर्वी अनेक कार्यालयांत ती नव्हती. गाडी आवारात दोन-चार गाडीलांब पुढे सरकवायची, पाय दाबायचा आणि ‘ब्रेक ठीक’ अशी नोंद करायची, असा प्रकार चाले. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीच्या पट्ट्याचा आग्रह धरला. मुदती उलटत गेल्या. अखेर २०१७ मध्ये न्यायालयाने बजावले, की ज्या कार्यालयाजवळ असा पट्टा नाही त्याने प्रमाणपत्रे देऊ नयेत. त्या आदेशाने राज्यभर धावपळ उडाली. मालवाहतूकदार त्रस्त झाले, गाड्या तारखांची वाट पाहत उभ्या राहिल्या. पुण्याच्या गाड्यांना घाट चढून जावे लागते याबद्दलची कुरकुर तेव्हापासूनची आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. जी गाडी दिवे घाट उतरून सुखरूप परत येते, तिच्या ब्रेकची एक परीक्षा कागदाबाहेरही झालेली असते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५६ व्या कलमाने प्रत्येक व्यावसायिक वाहनाला हे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. अपघातानंतर विम्याचा दावा अडतो तेव्हा या ओळीचे वजन मालकाला कळते. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षे मुभा असते. पुढे आठ वर्षे वयापर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी होते. नियम वाचायला कडक आहे. पण वाहतूकदारांच्या बोलण्यात ‘पासिंगपुरते टायर’ असाही एक शब्दप्रयोग ऐकू येतो. त्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे, रिफ्लेक्टर चिकटवायचे, दिवे पुसायचे आणि संध्याकाळी टायर ज्याचे त्याला परत करायचे. असे सगळेच करतात असे नाही. मात्र ज्या व्यवहारात अशा सोयीला स्वतंत्र नाव पडते, तिथे ती सोय अगदी क्वचित वापरली जात असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

व्यापाऱ्याच्या ट्रकची ही कथा. त्याच्या स्वतःच्या मोटारीची कथा याहून सोपी आहे. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. या पंधरा वर्षांत धुराच्या तपासणीखेरीज तिच्या ब्रेकला, स्टिअरिंगला किंवा टायरला कोणी सरकारी माणूस हात लावत नाही. पंधराव्या वर्षी नूतनीकरणासाठी ती पहिल्यांदा तपासनिसासमोर उभी राहते आणि मग दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तेव्हा घरोघरी चर्चा झाली ती शुल्काची. पंधरा वर्षे कोणी काही पाहिलेच नव्हते, हा विषय फारसा निघाला नाही.

हीच मोटार ब्रिटनमध्ये असती तर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासली गेली असती. पंधराव्या वाढदिवसापर्यंत तेरा वेळा. त्या तपासणीला तिथे ‘एमओटी’ म्हणतात. १९६० मध्ये ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांवरील गाड्यांना लागू होती. सात वर्षांत ती मर्यादा तीन वर्षांवर आली. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली की गाडी नापास. २०१८ पासून दोषांची धोकादायक, गंभीर आणि किरकोळ अशी प्रतवारी होते, आणि धोकादायक दोष निघाला तर दुरुस्तीवाचून गाडी रस्त्यावर नेता येत नाही. यापेक्षाही महत्त्वाची बाब पुढची आहे. गाडीचा क्रमांक टाकला की ती कोणत्या साली, कशामुळे नापास झाली होती, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. जुनी गाडी विकणाऱ्याला तिथे पासिंगपुरते टायर चढवून इतिहास पुसता येत नाही.

जपानची तपासणी, ‘शाकेन’, पहिल्यांदा तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते. कर आणि सक्तीचा विमा धरून तिचा खर्च इतका येतो, की पुष्कळ जपानी कुटुंबे तो करण्याऐवजी गाडीच बदलतात. त्या चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाड्या मग जहाजाने आफ्रिकेत आणि आशियातल्या इतर देशांत जातात. उलट टोकाला अमेरिकेतले टेक्सास राज्य आहे. तिथे खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी जानेवारी २०२५ पासून बंदच झाली. अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडलेला असल्याने एकाच महामार्गावर तपासलेल्या आणि न तपासलेल्या गाड्या शेजारी धावतात.

व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळची वाटावी अशी हकीकत जर्मनीची आहे. तिथे गाडीच्या मागच्या क्रमांकपट्टीवर एक गोल रंगीत चकती असते. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी आहे ते तिच्यावरून मागून येणाऱ्यालाही समजते. ही तपासणी करणाऱ्या ‘ट्यूफ’ संस्थांचा जन्म मोटारीच्याही आधीचा आहे. १८६५ मध्ये मानहाइम शहरात एका मद्यनिर्मिती कारखान्यातील बाष्पपात्र फुटले. पुढच्याच वर्षी त्या भागातल्या बाष्पपात्रांच्या मालकांनी एकत्र येऊन स्वखर्चाने एक मंडळ स्थापन केले आणि आपल्याच यंत्रांची तपासणी त्रयस्थ अभियंत्यांकडून सुरू केली. या तपासणीचे मूळ सरकारी हुकमात नाही. शेजाऱ्याचे बाष्पपात्र फुटले तर आपलीही भिंत पडते, हा हिशेब मालकांनी स्वतः मांडला. मोटारी आल्या, तेव्हा तपासणी करणारी विश्वासू संस्था आधीच तयार होती.

पुण्याला हा विषय परका नाही. देशात विकल्या जाणाऱ्या कित्येक नव्या गाड्यांची पहिली कठोर परीक्षा याच शहरात, कोथरूडच्या टेकडीवर होते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून तिथे आहे. ब्रेक, दिवे, धूर आणि धडक या सर्व कसोट्या उतरल्याशिवाय नव्या नमुन्याला बाजारात जाता येत नाही. वाहननिर्मितीतही समाजाचे नाव मोठे आहे. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेंपो ही कंपनी १९५८ मध्ये उभी केली. त्या जर्मन बनावटीच्या गाडीचे ‘टेंपो’ हे नाव मराठीत असे रुजले, की आज कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला टेंपोच म्हणतात. ज्या शहरात गाडीच्या जन्माची परीक्षा इतकी काटेकोर होते, त्याच शहरात तिच्या पुढच्या आयुष्याची परीक्षा सैल राहावी, हे विचित्र आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. त्यांत चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाची ब्रेकशक्ती यंत्रच मोजते आणि आकडा थेट संगणकात जातो. माणसाची नजर आणि माणसाची भीड, दोन्ही त्यातून वजा होतात. सक्तीच्या तारखा मात्र पुढे सरकत राहिल्या आहेत.

यंत्रालाही सगळे दिसत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री साताऱ्याकडून आलेल्या एका मालट्रकने पुण्याच्या नवले पुलाजवळ चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. सर्वांच्या तोंडी लगेच ‘ब्रेक निकामी’ हे शब्द आले. प्राथमिक तपासात निघाले ते वेगळे. ब्रेक बिघडलेले नव्हते; उतारावर इंधन वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनच्या जोरावर भरली जाते. इंजिन थांबले की टाकीतली हवा प्रत्येक दाबागणिक कमी होते, स्टिअरिंग जड होते आणि गिअरचा रोध तर उरतच नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार ही आकडेमोड फार निर्दयपणे करून दाखवतो. त्याच परिसरात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडून पेटली आणि आठ जणांचे प्राण गेले.

डिझेलचे हे चार पैसे कोणासाठी वाचवले जातात, हा प्रश्न मालकापर्यंत आणि भाड्याचा दर पाडून घेणाऱ्या माल पाठवणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. जादा मालाचेही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा अधिक वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तो केवळ चालवणाऱ्याला नाही, चालवू देणाऱ्यालाही आहे. श्रावकाला हा नियम नवा वाटू नये. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध यांच्याबरोबर ‘अतिभारारोपण’ स्पष्टपणे येते. पंधरा कर्मादानांत गाड्यांचा व्यवसाय (शकटकर्म) आणि भाड्याची वाहतूक (भाटकर्म) यांचीही गणना आहे. तेव्हा विचार बैलाच्या मानेचा होता. आता बैल नाही, म्हणून पाट्यांवर दोन टन जास्त चढवताना कोणाला वेदना होत असल्याचे दिसत नाही. वेदना पुढे उतारावर, अनोळखी माणसाच्या वाट्याला येते.

तपासणीसाठी आपल्या परंपरेत शब्दही आहे. साधू-साध्वीजी आपले वस्त्र, पात्र आणि रजोहरण यांचे पडिलेहण सकाळ-संध्याकाळ करतात. काल पाहिले होते म्हणून आज पाहायचे नाही, अशी सवलत तिथे नाही. ट्रकचे पडिलेहण काही मिनिटांचे असते. हवेच्या दाबाचा काटा, चाकांचे नट, टायरवर लोखंडी सळीने मारलेला ठोका आणि त्याचा आवाज, मागचे लाल दिवे, ब्रेक दाबून धरल्यावर सुटणारी फूस. जुने चालक आणि क्लीनर हे करतात. तरुणांना ते कोणी शिकवत नाही, कारण बिल्टी हातात पडताच फोन सुरू होतात, ‘निघाला का?’ मार्केट यार्डातल्या व्यापारी संघटना गाळ्यांच्या भाड्यापासून सेसपर्यंत प्रत्येक प्रश्नावर एकत्र येतात. माल भरायच्या आधी योग्यता प्रमाणपत्राची तारीख आणि टायर पाहिल्याशिवाय गाडी लावायची नाही, एवढा एक ठराव मानहाइमच्या त्या मालकांइतकाही खर्चिक नाही. परवाना आणि विमा यांच्या प्रती आजही मागितल्या जातात. त्यात एका कागदाची भर पडेल, आणि टायर पाहायला कागदही लागत नाही.

चातुर्मास संपला की विहार सुरू होतात. साधू-साध्वीजी वाहन वापरत नाहीत; महामार्गाच्या कडेने पायी चालतात, आणि ऊन चढण्याआधी पुढचे गाव गाठायचे म्हणून पहाट फुटतानाच निघतात. विहारात वाहनाच्या धडकेने कालधर्म झाल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. अनेक गावांत तरुणांचे विहार सेवा गट आता झेंडे, दिवे आणि चमकणारी जाकिटे घेऊन त्यांच्या पुढे-मागे चालतात. कात्रजहून साताऱ्याच्या दिशेने निघालेल्या अशा लहानशा समूहाला अंधारात समोरून येणाऱ्या गाडीचे फक्त दोन दिवे दिसतात. कधी एकच दिसतो. त्या ट्रकमध्ये काय भरले आहे, ते कोणाच्या गाळ्यात उतरायचे आहे आणि काल संध्याकाळी कोणी त्याच्या टायरवर ठोका मारून पाहिला होता की नाही, हे त्यांना कळत नाही. ते रस्त्याच्या कडेला अधिक सरकून चालत राहतात.