डाग आणि पाणी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या वर्षात पाठाचं टाचण कसं काढावं, फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात लिहावी, मुलाला उत्तर येत नसेल तर प्रश्न कसा फोडून विचारावा, हे सगळं आम्हाला शिकवलं गेलं. नळाचा वॉशर कसा बदलावा, हे मात्र कुणी शिकवलं नाही. म्हणून २०२४ च्या जानेवारीत स्वयंपाकघरातला नळ रात्रभर टपटप करू लागला तेव्हा आम्ही मामूंना बोलावलं.

मामू म्हणजे आमचे सख्खे मामा नव्हेत. ते अख्ख्या मोहल्ल्याचे मामू. वय सत्तरीकडे झुकलेलं, पाठीला थोडा बाक, हातात पत्र्याचा डबा. नळ, प्लास्टर, दाराची बिजागरी, पंख्याचा कंडेन्सर, जे बिघडेल ते मामू बघतात. आधी बरंच बघतात आणि मग हात लावतात. सोलापुरात आमच्या घरी बोलतात ती दखनीच मामूही बोलतात. इथे आम्ही त्याचं मराठी करून लिहीत आहोत.

नळ खोलण्याआधी त्यांनी वरचा कॉक बंद केला आणि सिंकच्या भोकात फडकं कोंबलं. "स्क्रू आत गेला की साठ पैशांसाठी पाइप खोलावा लागतो," म्हणाले. जुना वॉशर आमच्या हातात ठेवला. "दुकानात नुसतं 'वॉशर द्या' म्हणू नका. हा दाखवा आणि याच मापाचा आणा." आम्ही आणला. नळ बंद झाला. आम्ही पैसे विचारले, तर मामू वर बघत होते. मधल्या खोलीच्या छतावर ताटाएवढा पिवळट डाग होता.

"हे काय?"

आम्ही हसून म्हणालो, "हे? हे त्या गवंड्यानं आम्हाला फसवलं त्याची निशाणी."

ती हकिकत अशी. हे घर अब्बांनी १९९१ साली बांधलं. टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहून जमवलेल्या पैशांत खाली दोन खोल्या आणि वर स्लॅब. अब्बा गेले, स्लॅबही म्हातारा झाला. २०२३ च्या मे महिन्यात, सुट्टी होती तेव्हा, आम्ही गच्चीचं काम काढलं. सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात गेलो आणि एका तरुण गवंड्याला घेऊन आलो. तो आणि एक बिगारी. मजुरी चौदा हजार ठरली, माल आमचा. त्यानं तडे टाचून मोकळे केले, भरले, कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलावा काढला, वर लेप दिला. आठ दिवस पोती भिजवून गच्चीवर टाकली. जाताना म्हणाला, "सर, टाकी हलवून त्या ओट्याखालचं एकदा बघायला पाहिजे." आम्हाला वाटलं, बिल वाढवायची युक्ती आहे. आम्ही म्हणालो, "जेवढं ठरलंय तेवढं कर."

छताला आम्ही चुना मारून घेतला. जूनच्या अखेरीस दोन सरी पडल्या आणि त्याच जागी डाग परत उमटला.

अकरा हजार दिले होते, तीन हजार बाकी होते. तो मागायला आला तेव्हा आम्ही बोट वर केलं. "आधी हे थांबव, मग बाकी." तो गच्चीवर जाऊन आला, म्हणाला, "माझं काम धरून आहे सर, टाकीचं बघा." आठ दिवसांनी परत आला, तेच बोलणं झालं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं काही मागितलंच नाही. दारात उभा राहून छताकडे पाहिलं आणि गेला. अम्मी आतून म्हणाली होती, "दे डालो रे उसके पैसे." आम्ही म्हणालो, अम्मी, तुला व्यवहार कळत नाही. आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये आम्ही ही गोष्ट थोडी फुशारकीनंच सांगितली होती.

मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाऊस कधी थांबला?"

"ऑक्टोबरात."

"आज जानेवारी आहे. बोट लावून बघा."

स्टुलावर चढून बोट लावलं. डाग ओला होता. आमचं उत्तर तयार होतं : पावसाळ्याचं पाणी स्लॅबमध्ये मुरलंय, ते हळूहळू उतरतंय. मामू काही बोलले नाहीत. आमच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाले, "डागाच्या कडेनं रेघ मारा. बाजूला तारीख घाला. रोज सकाळी बघा. वाढला तर नवी रेघ, नवी तारीख. तीन आठवड्यांनी मी येतो. तोवर हातोडा कुणाला लावू देऊ नका." आम्ही सवयीनं तारीख उर्दू अंकांत लिहिली. मामूंना उर्दू वाचता येत नाही. त्यांनी शेजारी मराठी अंकांत परत लिहायला लावली.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची आणि पुढचे दिवस काढायचे. तीन आठवड्यांत छतावर पाच रेघा झाल्या. त्यांच्या तारखा आम्ही कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. अम्मी पाण्याच्या दिवसावर खूण करते, त्या प्रत्येक खुणेच्या दुसऱ्या दिवशी डाग वाढलेला होता. मधल्या दिवसांत रेघ जागची हलली नव्हती. आणि या तीन आठवड्यांत आभाळातून थेंब पडला नव्हता.

मामू आले, टाकी भरायला लावली आणि टाकी व कठडा यांच्यामधल्या वीतभर फटीत आरसा धरला. त्या फटीत कुणी कधी डोकावत नाही. टाकी तोंडापर्यंत भरली की जादा पाणी जायला वरच्या बाजूला पाइप असतो. तो टाकीला जिथे जोडलेला होता तिथलं निपल तडकलं होतं. पाणी टाकीच्या अंगानं ओट्यावर, ओट्याच्या पायथ्याच्या तड्यातून आत, आणि लेपाखालून सरकत सरकत मधल्या खोलीवर. "दाग हाँ दिखरा, पानी वाँ से आरा," मामू म्हणाले. डागाच्या वर खणून उपयोग नसतो, पाणी आपला उतार शोधत कुठूनही कुठे जातं. आधी विचारायचं, पाणी कधी येतं. कुठून येतं, ते मग आपोआप सापडतं.

नवं निपल आणि वॉशर मिळून ऐंशी रुपये. जादा पाण्याचा पाइप त्यांनी थेट पन्हाळीपर्यंत नेला, ओट्याचा पायथा बुजवला. मजुरी साडेचारशे. मग गच्चीवर उकिडवे बसले आणि त्या गवंड्यानं केलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला, नाण्यानं दोन-तीन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला.

"काम चांगलं आहे. पोकळ वाजत नाही. पोरानं पाणीही नीट मारलंय. याचे पैसे दिलेत ना?"

आम्ही चहा आणायला खाली आलो.

चहा पिताना मामू आमच्याकडे न बघता बोलत होते. गवंडी ठरवताना त्याचं नवं काम बघू नये, नवं काम सगळंच छान दिसतं; दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणावं. काय करणार हे विचारतोच आपण, काय करणार नाही तेही विचारून कागदावर लिहावं. सगळा पैसा आधी देऊ नये, सगळा शेवटी ठेवू नये. काम जसं पुढे सरकेल तसा द्यावा. थोडी बाकी ठेवायची असेल तर ती कधी आणि कशावर देणार, हे सुरुवातीलाच बोलावं. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख बघावी, तीन महिन्यांवर गेलेलं घेऊ नये. "आणि माणूस जाता जाता एखादी गोष्ट बघा म्हणाला तर ती बघावी. त्याचे पैसे पडत नाहीत."

मजुरी वेळेवर द्यावी, हा धडा आम्ही दरवर्षी वर्गात घेतो. मुलं एका सुरात उत्तर देतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी आम्ही त्या चौकात गेलो. गवंडी नव्हता. त्याचा बिगारी भेटला. म्हणाला, तो दिवाळीनंतर बायकामुलांसह पुण्याला गेला, इथे खोलीचं भाडं थकलं होतं. नंबर दिला. आम्ही तिथेच, मोटरसायकलवर बसून फोन लावला. नाव सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"परत गळायला लागलं का सर?"

"नाही. टाकीचं पाणी होतं."

"हां," एवढंच तो म्हणाला.

आम्ही माफी मागितली. वर्गात चाळीस मुलांसमोर आम्हाला शब्द कमी पडत नाहीत, तिथे पडले. तीन हजार फोनवरून लगेच पाठवले आणि म्हणालो, आणखी पाचशे पाठवतो, उशिराचे. तो म्हणाला, "चौदा ठरले होते, चौदाच." मग कुणीतरी त्याला हाक मारली. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "छताला इतक्यात चुना मारू नका सर. उन्हाळा जाऊ द्या, स्लॅब आतून वाळू द्या."

मामूंनीही तेच सांगितलं होतं. तो उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला, तोही पडून गेला. डाग सुकून फिका झाला आहे. चुना मारायचा राहिलाच आहे. पाहुणे आले की छताकडे बघून विचारतात, हे वर काय लिहिलंय, आणि तेही दोन-दोन अंकांत? अम्मी म्हणते, तूच सांग.