दीड फूट आणि चार इंच

2018 साली राखेचा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला. वसईतल्या आमच्या चर्चमधून त्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पोरांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता आणि एकदोघांच्या दप्तरात गुलाब. त्यावरून घरोघरी थट्टा चालली होती. आमच्या घरात मात्र वडील गप्प होते. वय 77. उपवासकाळाचे चाळीस दिवस ते मटण-मच्छी सोडत, तेवढाच काय तो बदल. या वेळी ते रोज संध्याकाळी वाडीच्या बांधावर जाऊन नुसते उभे राहत.

मार्चच्या मध्यावर ते पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडच्या फादरांना त्यांनी काय सांगितले, ते फादर कुणालाही सांगणार नाहीत. ती गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च बहिष्कृत करते. सांगणाऱ्याच्या तोंडाला मात्र कुलूप नसते. रात्री जेवताना वडिलांनी आम्हालाही सांगितले.

आमची वाडी आणि त्यांच्या चुलतभावाची वाडी यांच्यामध्ये एक बांध आहे, बावखलापासून, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यापासून, थेट रस्त्यापर्यंत, साधारण 200 फूट. पावसाळ्यापूर्वी बांध नीट करायचे काम वडिलांचे. चुलतभाऊ मुंबईला नोकरीला, त्याचे इकडे लक्ष नाही. वडिलांच्या कुदळीचे दोन घाव दरवर्षी पलीकडच्या अंगाला जास्त पडत. दुसऱ्याच्या शेतात बोट-बोट सरकण्याच्या या प्रकाराला ‘बांध कोरणे’ म्हणतात आणि त्यावरून भावकीत डोकी फुटतात. इथे कुणाचे डोके फुटले नाही, कारण कुणाला कळलेच नाही. सातबारा होता तसाच राहिला. कागद खरा, बांध खोटा.

सत्तावीस वर्षे हे चालले होते.

या सत्तावीस वर्षांत वडिलांनी एकदाही पापनिवेदन चुकवले नव्हते. वर्षातून निदान एकदा ते केलेच पाहिजे, हा नियम 1215 सालच्या लॅटरन धर्मपरिषदेपासूनचा. वडील तो इमानाने पाळत. शिव्या दिल्या, मिस्सा चुकवली, बायकोवर ओरडलो अशी यादी ठरलेली आणि तीन ‘नमो मरिया’चे प्रायश्चित्तही जवळजवळ ठरलेले. बांध त्या यादीत कधी आला नाही. आठवण नव्हती असे नाही. “दर पावसाळ्यात जीव जळायचा,” ते म्हणाले. जळायचा आणि कुदळ चालायची.

मला इथे आपल्या शब्दातच थोडी पळवाट दिसते. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. नव्या करारातल्या ज्या ग्रीक शब्दासाठी आपण तो वापरतो, त्या ‘मेतानोइया’चा अर्थ मन पालटणे असा आहे, आणि जुन्या करारातले हिब्रू संदेष्टे जे क्रियापद वापरतात, त्याचा साधा अर्थ मागे फिरणे. आपल्या शब्दात ताप आहे, फिरणे नाही. लॅटिनमध्ये गोंधळ वेगळा झाला. तिथल्या भाषांतरातून ‘प्रायश्चित्त करा’ असाच अर्थ लोकांनी घेतला. त्यावर सोळाव्या शतकात इरॅस्मसने बोट ठेवले, आणि 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या 95 प्रबंधांची सुरुवातच या मुद्द्याने केली. गंमत म्हणजे, कॅथलिक चर्चच्या 1992 सालच्या धर्मशिक्षण ग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे की क्षमेने पाप जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरले असेल तर परत करायचे.

जाळीपलीकडून फादरांनी एकच विचारले होते, “चुलतभाऊ आहे का?” तो वारला होता. “मग मुलगा असेल. त्याच्याकडे जा.” त्या दिवशी ‘नमो मरिया’ नव्हती.

मुलगा म्हणजे वडिलांचा पुतण्या, आता इथेच राहतो. आम्ही गेलो तर तो खूश वगैरे झाला नाही. वडिलांचे सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला, “काका, आता कशाला उकरून काढता? लोक काय म्हणतील, माझ्या बापाला स्वतःची हद्द कळत नव्हती?” हे आमच्या डोक्यातच आले नव्हते. कबुली दिल्याने समोरच्याला बरे वाटेल, हे आपणच गृहीत धरून चालतो. वडील म्हणाले, “चूक माझी. त्याने विश्वास ठेवला, एवढंच त्याचं.” पुतण्याची बायको चहा ठेवायला आत गेली, तेव्हा कुठे तो जरा सैलावला.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, 24 मार्चला, आम्ही बांध हलवला. माती कडक झालेली, म्हणून रात्रीच पाणी सोडून ठेवले होते. हद्दीचा जुना दगड बावखलाच्या टोकाला केळीच्या पाचोळ्याखाली कुठे आहे, हे वडिलांना बरोबर ठाऊक होते. तो त्यांनी कधी हलवला नव्हता. शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवणाऱ्याला बायबलच्या अनुवाद या पुस्तकात शाप आहे. दगड न हलवता बांध हलवला तर शाप लागत नाही, असा काहीसा त्यांचा हिशोब असावा!

दगडापासून टेप लावली. 18 इंच भरले. दीड फूट गुणिले 200, म्हणजे 300 चौरस फूट, पाव गुंठ्याहून थोडे जास्त. मी दोरी धरून त्या खुणेवर थांबलो, तर वडील म्हणाले, “अजून चार इंच घे.” जुन्या करारात गणना नावाचे पुस्तक आहे. त्यात कबुली दिल्यावर घेतलेले परत करायचे आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असा नियम आहे. 18 इंचांचा पाचवा हिस्सा साडेतीन इंचांच्या किंचित वर जातो. वडिलांनी चार धरले. जक्कय जकातदाराने चौपट देऊ केले होते, अशी मी आठवण करून दिली. त्यावर ते म्हणाले, “त्याची जकात होती, माझी वाडी आहे.”

नवा बांध दुपारपर्यंत उभा राहिला. वडिलांनीच लावलेला एक नारळ त्या पट्ट्यात गेला. नारळ उतरवायला येणारा माणूस आता त्या झाडावर चढण्याआधी पुतण्याला विचारतो.