मोटारीशिवाय चढणारं पाणी

गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन औरंगाबादला सहलीला गेले होते. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण घोडेगावातली म्हातारी माणसं अजून औरंगाबादच म्हणतात, आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. पाणचक्कीत उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी पाहून पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, मोटार कुठंय?"

बाकीची मुलं हसली. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. आमच्याकडे पाणी म्हणजे मोटार आणि मोटार म्हणजे लाईट. रात्री लाईट आली की याचा बाप अंथरुणातून उठून मोटार चालू करायला मळ्यात जातो. लाईट नसेल तर विहीर भरलेली असूनही घरात हंडा रिकामा. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही.

मग तिथंच कट्ट्यावर बसवून सांगितलं. हर्सूलकडच्या डोंगरात जमिनीखाली पाणी गोळा करायचं. तिथून शहरापर्यंत जमिनीखालूनच, अगदी बेताच्या उतारावर, मातीच्या नळांतून आणायचं. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी मनोरे. उगम उंचावर असला की बंद नळातलं पाणी खाली उतरून पुन्हा भिंतीवर चढतं. मुलांना प्लॅस्टिकच्या नळीने करून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, मुसाफिरांचं पीठ दळलं जायचं.

पाणचक्की नंतरची, पण औरंगाबादेत ही विद्या रुजवली मलिक अंबरने. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली आणि तिला नहर-ए-अंबरीचं पाणी दिलं. हा माणूस मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं ते निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने, म्हणजे अंबरची सुरुवात आपल्या अहमदनगरची. आणि नगरमध्ये तेव्हा कापूरवाडी, शेंडी अशा बाजूंनी खापरी नळांनी पाणी येत होतं, बागा आणि महाल त्यावर चालत होते. अंबरने ते पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण नगरचं हे शहाणपण औरंगाबादला गेलं असेल, तर ते आमच्याच वाटेने गेलं असणार. घोडेगाव या दोन शहरांच्या मधेच आहे. कांद्याच्या बाजारापलीकडे या रस्त्याला काही इतिहास असू शकतो, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही.

आपल्या लोकांवरही माझा थोडा राग आहे. स्टेटसला चांदबीबी महाल लावतो आणि 'आपला वारसा' लिहितो. तो महाल खरं तर सलाबतखानाची कबर आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कबरीवर चादर चढते, मिनाराला चुना लागतो. खापरी नळ जमिनीखाली, त्याचा फोटो येत नाही. रस्ता खोदताना फुटला तर चार दिवसांनी तिथे मुरूम पडतो आणि विषय संपतो. विहीर खोदणं हा सदका-ए-जारिया, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मग जो नळ शतकानुशतकं हिंदू-मुसलमान, सगळ्यांचे हंडे भरत होता, त्याचं काय?

त्या नहरीवर आजचं शहर जगेल, असं मी म्हणत नाही. नगरला मुळा धरणाचं पाणी विळदहून उपसून वसंत टेकडीवर चढवावं लागतं, औरंगाबादला ते पैठणहून, जायकवाडीतून वर आणावं लागतं. लाखोंच्या वस्तीला पंपाशिवाय गत्यंतर नाही. त्या पंपघरांतली जुनी यंत्रं उद्या निकामी होतील, तेव्हा तीही भंगारात जातील. त्यांतलं एखादं तरी जागेवर ठेवावं आणि ते कसं चालायचं हे लिहून लावावं. नहरीच्या बाबतीत आपण तेच केलं नाही. इमारत उरली, पण पाणी कसं चढतं हे सांगणारा माणूस उरला नाही.

पुढची सहल नगरला न्यायची म्हणतेय. मुख्याध्यापक म्हणाले, "किल्ला दाखवा, नळात काय बघायचं?" कापूरवाडीच्या बाजूला खापरी नळाचा एखादा उघडा तुकडा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. प्लॅस्टिकची नळी मी जपून ठेवली आहे.