गाड्यांचं खातं

लग्न ठरलं की आमच्या घरात खातेवाटप होतं. आचारी आणि किराणा अण्णांकडे, मांडव थोरल्या चुलतभावाकडे, आहेराच्या साड्या आईकडे. धाकट्याच्या लग्नात गाड्या माझ्या वाट्याला आल्या. मी कराडला शाळेत शिकवते, माझ्या फोनला रेंज असते, एवढीच माझी पात्रता. वाडीत रेंज शोधायला देवळाच्या चौथऱ्यावर चढावं लागतं आणि गाडीवाले तर रात्री नऊनंतरच बोलायला मोकळे होतात.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगाला. नवरी चिपळूणजवळची. मधे कुंभार्ली घाट. नकाशावर बघाल तर सगळा चाळीस-पन्नास किलोमीटरचा मामला, त्यातला बराचसा मोठ्या रस्त्यानं. खरी अडचण मोठ्या रस्त्याला लागण्याआधीची आहे. फाट्यापासून वाडीपर्यंत ग्रामसडक योजनेतला रस्ता. या योजनेत डांबराची रुंदी साधारण 3.75 मीटर धरतात, वर्दळ कमी असेल तिथे 3 मीटरच. म्हणजे समोरून गाडी आली की एकानं मागं जायचं. त्यात ओढ्यावरची मोरी, आणि मोरी संपताच मारुतीच्या देवळाला वळसा घालणारं वळण. एसटीला तिथे वळताच येत नाही. कुठलीही गाडी ठरवताना माझा पहिला प्रश्न असायचा, ‘ते वळण घेईल का?’ भाड्याचं नंतर.

वऱ्हाडाचा आकडा हा एक वेगळाच प्रकार. भावकीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस असं म्हणत यादी केली, तर तो एक माणूस स्वतःबरोबर नातू आणतो. शिवाय मे महिना, म्हणजे मुंबईचे चाकरमानी गावात. अण्णांनी पन्नास सांगितले, आईनं सत्तर. मी नव्वद धरले आणि त्याप्रमाणे मांडणी केली. मोठ्या वऱ्हाडाला एक एसटी, बाकीच्यांना तीन ट्रॅक्स, नवरदेवाला सजवलेली गाडी, आणि रुखवताचं सामान परत आणायला एक पिकअप.

एसटी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जाऊन अर्ज द्यायचा, तारीख, वेळ, कुठून कुठे ते लिहायचं, पैसे आधी भरायचे. हिशेब किलोमीटरवर. लग्नाला लाल बस म्हटल्यावर घरातल्या तरुणांनी नाकं मुरडली, पण चव्वेचाळीस माणसं एका दमात नेणारी आणि घाटाची सवय असलेली दुसरी गाडी मला या भागात माहीत नाही. काकूनं मात्र मुद्द्याचं विचारलं. ‘बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय ना? मग आपल्यात निम्म्या तर बायकाच. भाडं कमी कर म्हणावं की!’ ती सवलत मार्च 2023 पासून आहे खरी, पण ती तिकिटावर. करारात अख्खी गाडी घेतात, तिकीट फाडतच नाहीत. काकूला हे पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

तारखेचंही एक होतं. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे पंचांगात मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, आणि आमचं लग्न 2025 च्या मे महिन्यातलं. थांबून राहिलेल्या बऱ्याच घरांनी हाच मोसम धरलेला. दाट तिथी. फेब्रुवारीत फोन केले तेव्हाच कराडचे दोघे-तिघे म्हणाले, ‘त्या तारखेला गाडी बाहेर आहे, मॅडम.’ शहरातला माणूस गाडी शोधतो, गावातला ड्रायव्हर शोधतो. आणि चांगला ड्रायव्हर तुळशीच्या लग्नानंतरच सगळ्या मोसमाचे इसार घेऊन बसलेला असतो.

नवरदेवाच्या गाडीवरून घरात जे रामायण झालं त्याला तोड नाही. पोरांना हवी होती छपराला काच असलेली, लांबलचक, चकचकीत. तीत उभं राहून नवरदेवानं हात हलवायचा, असा बेत. ती मिळाली कराडला. मालकानं अटी सांगितल्या. दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरणार. मीटर त्याच्या दारातून सुरू, त्याच्या दारात बंद. ड्रायव्हर भत्ता वेगळा, सजावट आपली. मी कागदावर जमवून पाहिलं. कराडहून वाडी, वाडीहून चिपळूण आणि परत, सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास. न चाललेल्या पंचाहत्तर किलोमीटरचेही पैसे द्यायचे! तरी मी हो म्हटलं. लग्नात एक तरी खर्च पोरांच्या हौसेचा असावा, नाहीतर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

तिथेच एकानं दुसरा मार्ग दाखवला. त्याच्या मित्राची घरची नवी गाडी, पांढऱ्या पाटीची, निम्म्या भाड्यात. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापर. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. घाटात काही झालं आणि गाडी भाड्यानं दिली होती हे बाहेर आलं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मी नाही म्हटलं. मग पिवळ्या पाट्यांचेही नंबर भाच्याला दिले, त्यानं एमपरिवहनवर घालून विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते पाहिलं. एका ट्रॅक्सचा विमा लग्नाच्या आठवडाभर आधी संपत होता. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं झालं ताई सांगितलं, माझ्या ध्यानातच नव्हतं.’ नवा कागद त्यानं मला फोनवर पाठवला.

ट्रॅक्सवाल्यांशी किलोमीटरची भाषा नाही, तिथे उक्तं ठरतं. सकाळी घ्यायचं, लग्न लावायचं, रात्री सोडायचं, मधे जेवण आपलं. तिघांतला एक आमच्याच भागात वडाप चालवणारा. त्यानं इसार घ्यायच्या आधी एका संध्याकाळी रिकामी गाडी वर आणली. मोरीवर उतरून कडेची माती पायानं दाबून पाहिली, देवळाच्या वळणावर दोनदा मागं-पुढं केलं. मग म्हणाला, ‘ताई, माझी गाडी कवाबी यील. पन ती तुमची लांबडी गाडी हाय न्हवं, पाऊस झाला तर ती वर घेऊ नगा. फाट्यावरच ऱ्हाऊ द्या.’ मे महिन्यात कसला पाऊस, असं अण्णा म्हणाले. वळीव म्हणजे तासाभराचा खेळ. मी मात्र ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पिकअपवरून भाऊबंदांतल्या पोरांशी तोंडातोंडी झाली. त्यांना हौद्यात बसून, गाणी लावत घाट उतरायचा होता. मालाच्या गाडीत हौशीनं बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं. असे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. पण कायदा सांगून वीस वर्षांचं पोर ऐकत नाही. शेवटी ड्रायव्हरलाच सांगितलं, हौद्यात माणूस दिसला तर भाडं देणार नाही. पोरं एसटीत मागच्या बाकांवर बसली आणि तिथे त्यांनी जो धिंगाणा घातला तो हौद्यात शक्य नव्हता.

मुहूर्त बाराच्या पुढचा. मी तिथून उलटं मोजत आले. साडेदहाला मुलीच्या गावच्या मारुतीला पोचायचं, म्हणजे फाट्यावरून आठला निघायचं, म्हणजे ट्रॅक्सच्या वाडी-फाटा खेपा साडेसहाला सुरू. लोकांना सहा सांगितले. पहिल्या खेपेत म्हातारी माणसं, कारण त्यांना तयार व्हायला उशीर होत नाही. गाडी लागणाऱ्यांची वेगळी यादी होती: त्यांना एसटीत पुढच्या सीट, हातात आवळासुपारी, आणि कॅरीबॅगा माझ्या पर्समध्ये. मानाचं कोण कुठे बसणार ही यादी मात्र मी आईवर सोपवली. नवरदेवाच्या गाडीत करवली बसणार की आत्या, यावर बहिणींत महिनाभर बोलणं बंद पडल्याचं मी पाहिलेलं आहे.

आणि पाऊस आलाच. त्या वर्षी मान्सून 26 मेलाच मुंबईत पोचला, त्याआधीचे चार-आठ दिवस कोकणात नुसता धुमाकूळ होता. आमचं लग्न नेमकं त्यात सापडलं. हेळवाक सोडलं आणि घाटाच्या तोंडाशी धुकं, जुलैत असतं तसं. एसटीचा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी धरून उतरत होता, ब्रेकला फारसा पाय न लावता. मागे लांबडी गाडी, तिच्यामागे ट्रॅक्स. लांबड्या गाडीच्या कराडच्या ड्रायव्हरनं दोनदा एसटीला ओलांडायचा प्रयत्न केला. पोफळीला थांबलो तेव्हा एसटीवाले काका खाली उतरून त्याच्या काचेपाशी गेले. काय बोलले कळलं नाही, पण तिथून पुढे तो शिस्तीत आला. छपराची काच कुणी उघडली नाही. झेंडूच्या माळा भिजून बॉनेटवर लोळत होत्या आणि वायपरमध्ये गुलाबाच्या पाकळ्या अडकत होत्या.

रात्री नवरीला घेऊन फाट्यावर आलो तर वाडीच्या रस्त्यावर लाल चिखल, मोरीवरून पाणी घोटाभर. लांबडी गाडी तिथेच थांबवली. नवरी-नवरदेव वडापच्या ट्रॅक्समध्ये. करवलीनं हट्टानं एक माळ उचलून तिच्या आरशाला बांधली. नवरी हसून म्हणाली, ‘मला तर हीच बरी वाटते, पाय तरी पसरता येतात.’ देवळाच्या वळणावर ड्रायव्हरनं एका दमात गाडी घेतली. दारात नारळ ओवाळून फोडला तो त्या ट्रॅक्सवरून, आणि टॉवेल-टोपीचा पहिला मान त्यालाच दिला.

दुसऱ्या दिवशी हिशेब. एसटीचं आधीच झालेलं, पावतीसकट. ट्रॅक्सवाल्यांनी ठरल्यापेक्षा जास्त मागितलं नाही. फाट्याच्या जादा खेपांचे मी आपणहून दिले. कराडहून मात्र फोन आला. तीनशे किलोमीटरचे, भत्त्याचे, आणि वर सजावटीच्या चिकटपट्टीचे डाग बॉनेटवरून निघत नाहीत म्हणून पॉलिशचे. मी काही बोलायच्या आत अण्णांनी फोन घेतला. ‘मालक, तुमचे पंचाहत्तर किलोमीटर शिल्लक आहेत आमच्याकडे. त्यात घासून घ्या.’